रुबिएलाने निवडलेलं तेल

रुबिएला ओसोरियो गुऱ्हाळात जन्मली असं तिची आई सांगायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. बाप चरकावर, आई काहिलीपाशी. पोरगी उभी राहायला शिकली ती गुळाच्या ढेपा धरून. धार कशी पडते यावरून पाक ओळखणं तिला आधी आलं, अक्षरं मागाहून.

पुढे लग्न झालं हिल्दार्दोशी. किंदिओ प्रांतातल्या डोंगरात त्याची विलिस जीप होती. कॉफीची पोती, कच्च्या केळ्यांचे घड, कोंबड्या, आजारी माणसं, नवऱ्या मुली, सगळं त्याच जीपमधून वरखाली व्हायचं. मग हिल्दार्दोच्या डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं. डॉक्टरांनी बरेच उपाय केले, पण धुकं काही हटलं नाही. एक दिवस त्याने जीपची किल्ली टेबलावर ठेवली.

"विकून टाकू," तो म्हणाला.

"विकायला ती काय भाकड गाय आहे?" रुबिएलाने किल्ली उचलली. "तू शेजारी बस, मी चालवते. ओरडायचं मात्र नाही."

बरोबरीच्या बायका नातवंडं खेळवत होत्या, त्या वयात ती क्लच सोडायला शिकली. चौकातल्या स्टँडवर जीपवाल्यांना हसून हसून उचक्या लागल्या. त्यात सगळ्यात पुढे लिबार्दो, स्टँडचा म्होरक्या. पण पावसाळी चिखलातून ती दोन वेळा त्याच्याच जीपच्या पुढे निघाली, तेव्हा हसू आपोआप कमी झालं.

दिवस बरे चालले होते. मग जीप रडायला लागली.

चढाला लागलं की मागून सूर यायचा, "ऊंऽऽऽ", बारीक आणि लांबलचक. जितकं ओझं जास्त तितका सूर वर. स्टँडवर तिचं नाव पडलं रडूबाई.

"आली बघा रडूबाई!" लिबार्दो टोपी काढून म्हणायचा. "कोण गेलं गं घरात?"

हिल्दार्दो शेजारी बसून कान देऊन ऐकत होता. "पाय दाबलास की रडते, सोडलास की गप्प बसते," तो म्हणाला. "बेअरिंग असतं तर सारखंच घुरघुरलं असतं. मागच्या डिफरन्शियलचं क्राऊन-पिनियन, चाकं फिरवणाऱ्या दातेरी चाकांची जोडी, झिजलंय."

नवी जोडी मिळणं कठीण. मिळाली तरी कुठल्यातरी मोडीतल्या जीपची, म्हणजे तीही तितकीच झिजलेली. वर्षानुवर्षं एकमेकांशी घासून जुळलेले दात सोडून परक्याचे घालायचे, याला हिल्दार्दो तयार नव्हता.

"ग्रीस ठासून भर," लिबार्दोने सल्ला दिला. "आवाज मेलाच समज. माझा काका तर केळ्याच्या साली कोंबायचा."

रुबिएलाने साली कोंबल्या नाहीत, पण ग्रीस भरलं. आणि खरंच जीप गप्प झाली. ती खूश झाली, लिबार्दो तर असा फुगला की जणू जीप त्यानेच घडवली होती.

त्याच सुमाराला वरच्या एल मिरादोर वाडीतल्या बायकांचं कॉफी भाजायचं यंत्र खाली गावात येऊन पडलं. आजवर त्या कच्च्या बिया विकत होत्या. आता स्वतः भाजून, स्वतःच्या पिशवीत भरून विकायचं ठरलं होतं. ओतीव लोखंडाचं ते धूड ट्रकवाल्याने चौकात उतरवलं आणि हात झटकले. वाडीच्या रस्त्यावर ट्रक चढत नाही.

बायकांची पुढारी मार्लेनी स्टँडवर आली. लिबार्दोने यंत्राभोवती एक चक्कर मारली. "रस्त्यावर कोसळलेली दरड साफ झाली की नेऊ," तो म्हणाला. "माझ्या जीपची कंबर मोडायची नाही मला."

"दरड साफ होईस्तोवर आमची कॉफी बुरसेल, दादा."

"मी नेते," रुबिएला म्हणाली.

स्टँड हसला. हिल्दार्दो मात्र हसला नाही. "आधी पोती घालून चढून बघू," एवढंच म्हणाला.

बरं झालं बघितलं. निम्म्या चढावर जळका वास आला. रुबिएला उतरली, मागच्या आसावरच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर तिने ओंजळभर पाणी टाकलं, तर ते चर्रकन उडालं. पोती तिथेच उतरवून जीप उतारावरून अलगद एफ्राइनच्या गॅरेजात आणली.

एफ्राइन कमी बोलणारा मिस्त्री. गोळा थंड झाल्यावर त्याने मागचं झाकण काढलं आणि नुसता बाजूला सरकला, म्हणजे तिला दिसावं. ग्रीस कडांना थापलेलं तसंच बसलं होतं. क्राऊनने त्यातून आपल्यापुरता पाट कोरून घेतला होता आणि त्या पाटात दात कोरडेठाक फिरत होते.

"करपलेल्या पाकासारखं कडेला चिकटलंय," रुबिएला म्हणाली. "हे जागचं हलत नाही. दातांवर परत येणार कसं?"

"तेच," एफ्राइन म्हणाला.

त्याने गाळ बोटांत चोळला. चकचकीत भुकटी होती, पण तुकडा नव्हता. एकेक दात चिंधीने पुसून दोघांनी पाहिला. झिजलेले होते, पण एकही तुटलेला नव्हता. रुबिएलाने छातीवर क्रूसाची खूण केली.

"मग पातळ तेल घालू?"

"नव्या जीपला नव्वद नंबर घालतात. तुझ्या दातांत फट पडलीय. नव्वद तापलं की पाणी होईल, दात पुन्हा एकमेकांवर आपटतील."

"आणि जाड?"

"एकशे चाळीस. पण सकाळच्या गारठ्यात ते पुढच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं."

"किती उशिरा, ते बघू या की."

घरी जाऊन तिने दोन वाट्यांत दोन तेलं घेतली आणि अंगणात ठेवली. पहाटेच्या थंडीत दोन्ही चमच्याने उचलून पाहिली. नव्वद सरळ ओघळलं. एकशे चाळीस आळसावलेलं, पण धार तुटली नाही. मग मागच्या चुलीवर मंद आचेने दोन्ही तापवली. नव्वद चमच्यावरून धावत सुटलं. चमचा जवळजवळ कोरडा. एकशे चाळीसचा मात्र पातळ थर चमच्याला धरून राहिला, आणि वाहतही राहिला.

"एकतारी," ती स्वतःशीच म्हणाली. घरभर असा वास सुटला होता की हिल्दार्दो नाक धरून बाहेर आला. "अंडी कुजवतेस का गं?"

"गंधक आहे. असू दे."

दुकानात एकशे चाळीसचाच दुसरा, स्वस्त डबा होता. ती तो घेऊन गेली तर एफ्राइनने डबा फिरवून बघितला आणि परत दिला. "जाडी तीच, पण त्यात गंधकाचं औषध नाही. हे दात नुसते एकमेकांत बसत नाहीत, एकमेकांवरून घसटत जातात. नुसतं तेल पिळून बाहेर पडेल. डब्यावर जीएल-पाच लिहिलेलं आण, त्या वासाचं. आणि तेच तेल पुढच्या गिअरबॉक्सात ओतू नकोस, तिथल्या पितळी रिंगा खाऊन टाकेल."

तिने तसंच आणलं. दोघांनी ग्रीसचा कणन् कण खरवडला, पातळ तेलाने गोळा धुतला, नवं पॅकिंग बसवलं. वाफ जायची नळी तपासली, तर तिच्यात गांधीलमाशीने मातीचं घर बांधलेलं! तारेने ते फोडलं. मग तेल भरलं, बाजूच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत. रुबिएला अजून घालायला निघाली तेव्हा एफ्राइनने डबा काढून घेतला. "जास्त झालं तर सीलमधून ब्रेकवर येईल. मग चढशील, पण उतरताना देव आठवेल."

यंत्र न्यायच्या दिवशी चौकात जत्राच भरली. वाडीच्या बायका, स्टँडवाले, पाद्रीबाबा, मक्याच्या आरेपा भाकऱ्या भाजणाऱ्या बायासुद्धा तवे सोडून आल्या. यंत्र दोरखंडांनी जखडलं तेव्हा जीप ढुंगणावर बसली आणि पुढची चाकं हलकी झाली. पुढच्या बंपरवर दोघी धष्टपुष्ट बायका वजनाला बसल्या.

"बसू नका गं, रडूबाई अर्ध्यातच बसेल!" लिबार्दो ओरडला.

रुबिएलाने घाई केली नाही. तेल गरम होईपर्यंत सपाट रस्त्यावर ती मुंगीच्या चालीने गेली. लोक शिट्ट्या मारत होते, मारू दिल्या. मग खालचा गिअर टाकला आणि चढाला लागली.

बाजूने बायका हातात लाकडी ओंडके घेऊन चालत होत्या. दरडीच्या वळणावर मागचं चाक खड्यांवर फिरलं, धूळ उडाली, जीप वीतभर मागे घसरली. "ओंडका!" मार्लेनी ओरडली आणि चौघींनी एकदम चाकामागे ओंडके लावले. रुबिएलाने ब्रेक दाबून धरला. हिल्दार्दो वाकून, तळहात जीपच्या तळाला लावून बसला होता.

"काय म्हणतंय?" तिने विचारलं.

"गुणगुणतंय," तो म्हणाला. "रडत नाहीये. दाब."

तिने दाबलं. चाकाने पकड घेतली, यंत्र दोरांत कण्हलं आणि जीप त्या वळणावरून अशी चढली की बंपरवरच्या दोघींनी किंकाळ्याच फोडल्या, आधी भीतीने आणि मग आनंदाने. पुढचा चढ बायकांनी नाचतच काढला. कोणीतरी भांडं बडवत होतं, कोणी तिच्या नावाने आरोळ्या ठोकत होतं.

वाडीत पोचल्यावर रुबिएला सगळ्यांच्या आधी जीपखाली शिरली. गोळ्यावर तळहात ठेवला आणि ठेवूनच दिला. गरम होता, भाकरीसारखा, पण हात टिकत होता. ती तिथेच, धुळीत उताणी पडून हसत सुटली. बायकांना वाटलं, काही झालं की काय. त्यांनी पाय धरून तिला बाहेर ओढलं आणि खांद्यावर घेतलं.

यंत्र बसवायला काही दिवस गेले. पहिली कॉफी मार्लेनीने करपवली, सगळ्या हसल्या. दुसरी जमली. त्या वासाने वाडीतला एकेक माणूस अंगणात जमला, आणि पहिला पेला रुबिएलाच्या हातात आला.

तेवढ्यात लिबार्दो चढ चालत वर आला, धापा टाकत. टोपी हातात होती, पण थट्टेसाठी नव्हे.

"एकशे चाळीस का गं?" त्याने हळूच विचारलं. "मीही घालावं म्हणतो."

"तुझ्या जीपचं क्राऊन-पिनियन झिजलंय का?"

"छे! अजून शाबूत आहे."

"मग तुला नव्वदच बरं, दादा," रुबिएला म्हणाली आणि त्याच्यासाठी पेला भरायला उठली. "सगळ्यांना एकच औषध कशाला? बस, कॉफी घे. ही कुठल्याही वयाला चालते."

पुढच्या हंगामात वाडीची भाजलेली कॉफी, स्वतःच्या नावाच्या पिशव्यांत, रुबिएलाच्या जीपमधून खाली उतरली. हिल्दार्दो मांडीवर एक पिशवी धरून बसला होता. चौकात पोचेपर्यंत त्याने तिचा वास घ्यायचं थांबवलं नाही.