मी खाल्लेली ओळ

शाळेत मला शांत बाई म्हणतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकाही पोराच्या अंगाला हात लावलेला नाही, आणि पालकसभेत हे सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ व्हायची. घरी काय चालायचं ते तिथे कोण विचारणार? दिवसभर गिळलेला राग संध्याकाळी घरी आणायचा आणि लेकीवर काढायचा, हा माझा शिरस्ता होता. वड्याचं तेल वांग्यावर ही म्हण मी वर्गात उदाहरणासह शिकवते. उदाहरण मात्र दुसऱ्या कुणाचं तरी देते.

लेक तेव्हा सहावीत होती. एकुलती एक, हसरी, आणि भागाकाराशी तिचं वाकडं. मला भागाकार न येणं सहनच व्हायचं नाही. माझ्या आईने मला चुलीपुढे बसवून, पाठीत धपाटे घालून पाढे पाठ करून घेतले होते. आपल्या घरात शिक्षण सोडून दुसरी इस्टेट नाही, असं ती म्हणायची आणि ते खरंच होतं. त्या धपाट्यांवर मी शिक्षिका झाले, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. शिक्षिका मी त्यांच्यामुळे झाले की ते सोसूनही झाले, याचा विचार कधी केलाच नाही.

आमच्या वाडीतलं विहार म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचणारी मी, कारण मी बाई. वाचन झालं की मैत्री भावना म्हणायची, म्हणजे सगळ्या जिवांचं भलं होवो असं मनापासून चिंतायचं. ते पाली शब्द पुढे मी म्हणायचे आणि मागून बाकीचे. पौर्णिमेला काही बायका अष्टशील घेतात. पांढरी साडी नेसायची, दुपारी बारानंतर अन्नाचा कण खायचा नाही, आणि दिवसभर कुणाला दुखवायचं नाही.

त्या नारळी पौर्णिमेला मीही अष्टशील घेतलं होतं. शाळेला सुट्टी होती. खाली कोळीवाड्यात ढोल वाजत होते, लेकीला तिकडे जायचं होतं आणि मला तिच्याकडून दहा भागाकार करून घ्यायचे होते. चार वाजेपर्यंत माझ्या पोटात कावळे ओरडत होते. सहाव्या गणिताला तिने इतक्या वेळा खोडलं की वही फाटली, आणि मी तिच्या कानाखाली वाजवली.

ती रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्या साडीकडे बघत म्हणाली, "आज तरी नको ना मारूस, आई. आज तू पांढरी साडी नेसलीयेस."

मग तिने वही मिटली आणि सांगितलं, की तिला माणगावला आत्याकडे राहायला जायचंय. माझी नणंद कधीपासून तिला मागत होती. तिला मूलबाळ नाही, तिथे शाळाही मोठी. आम्ही ते हसण्यावारी न्यायचो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. माझा नवरा आगरदांड्याच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडतो. तो घरी आल्यावर तिने त्यालाही तेच सांगितलं. त्याने आधी तिच्या गालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांब. तेव्हाही जावंसं वाटलं तर मी स्वतः सोडून येईन."

दिवाळीला अडीच महिने होते. माझी लेक माझ्या हातून जाणार होती, आणि दोष द्यायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी विहारातून परतताना वाडीतली एक म्हातारी माझा हात धरून चालत होती. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. आयुष्यभर लोकांच्या शेतात लावणी-कापणी केलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली; पण सगळी वंदना तिला ऐकून पाठ. तिने मध्येच थांबून विचारलं, "बाय, तू रोज पयली ओळ का खातेस?"

मला खरंच कळेना. मग लक्षात आलं. मैत्री भावनेची सुरुवात 'अहं अवेरो होमि' अशी आहे. ती ओळ मी वर्षानुवर्षं गाळत होते आणि थेट आईवडील, गुरुजन, सगळे प्राणी यांच्यावर येत होते. मी म्हटलं, "मावशी, ते अहं बरं नाही वाटत हो. आपण अहंकार सोडायला बसायचं आणि सुरुवातच अहं म्हणून करायची?"

मावशी इतकी हसली की तिला माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. "अगं, अहं म्हंजे मी! मी वैराबिगर ऱ्हावं, असं हाय ते. एवढी शिकलीस न् तुला ठावं न्हाय व्हय?"

ठाऊक होतं की! आठवीला संस्कृतात 'अहं गच्छामि' घोकून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पण विहारात बसलं की तो शब्द माझ्या कानाला मराठीच लागायचा. अहं म्हणजे गर्व, अहं म्हणजे वाईट. आणि आईने स्वतःसाठी काही मागायचं नसतं हे तर कुणी न शिकवताच मला येत होतं. माझी मलाच लाज वाटली. त्या लाजेतच मी तिला दुपारचं सगळं सांगून टाकलं.

मावशीने मला ना धीर दिला, ना बोल लावला. "मीबी मारायची," ती म्हणाली. "दिसभर चिखलात वाकून यायची न् हाताला लागंल त्यानं पोरांना झोडायची. माझा थोरला चाळीशीचा हाय आता. मी वाढायला डाव उचलला ना, तर अजून मागं सरकतो. त्याला म्हाईतबी न्हाय, तो सरकतो ते." थोडं चालून ती पुढे म्हणाली, "म्हनून पयली ओळ माझ्यासाठी म्हनते. माझ्यातच वैर असंल तर दुसऱ्याला काय वाटू?"

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेतून आल्यावर मागच्या खोलीत दहा मिनिटं बसू लागले. कडी लावून, भिंतीला पाठ टेकून, फक्त ती एक ओळ. पहिले काही दिवस शाळेची माहिती भरायची राहिलीय, एवढंच आठवायचं. मग एकदा कारण नसताना रडू फुटलं, आणि मी किती दमलेय हे मला तेव्हा कळलं. दमण्यासारखी साधी गोष्ट, पण तिला मी कायम लेकीचा आळस, लेकीचा हट्ट अशी नावं देत आले होते. नवरा दाराबाहेरून चिडवायचा, "बाईंचं निर्वाण झालं असेल तर चहा घ्या." चहा तोच करू लागला होता. लेकीची माझ्यावर बारीक नजर होती.

दोन महिने मी हात उचलला नाही. मला वाटायला लागलं, जमलं.

सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशी ती पाण्याची तिसरी बाटली हरवून आली. माझी दहा मिनिटं अजून व्हायची होती. दंडावर एकच चापट बसली, फार जोराची नाही. जोराची नव्हती, असं मी अजूनही म्हणते, बघा. पण यावेळी मी तासाभरात तिच्यापाशी जाऊन बसले आणि माफी मागितली. तिला म्हटलं, "बाटलीसाठी नाही मारलं. मी दमले होते आणि तू समोर होतीस. चूक माझी आहे." माझ्या आईने मला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि ते मला हवं होतं, हे ते शब्द तोंडातून बाहेर पडताना मला उमगलं. लेकीने ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं."

सुट्टी लागली तशी तिने बॅग भरली. मी अडवलं नाही, रुसले नाही, 'जाशील तर परत येऊ नकोस' हे जिभेवर आलेलं वाक्य बोलले नाही. खरं सांगते, मला वाटलं होतं, माफी मागितली म्हणजे ती राहील. आगरदांड्याहून फेरीने दिघी आणि तिथून एसटीने माणगाव, असा बापलेकीचा प्रवास. मी धक्क्यावर उभी होते. बोट सुटल्यावर तिने हात हलवला आणि मी दुसऱ्यांच्या पोरांसमोर हुंदके देऊन रडले.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. तिथल्या नव्या शाळेतल्या मैत्रिणी, आत्याच्या हातचे घावणे, सगळं सांगते. परवा बोलता बोलता एकदम म्हणाली, "आत्या ओरडते, पण मारत नाही. तू आता चिडत नाहीस असं बाबा म्हणतो. खरं का?"

"हो," मी म्हटलं. "हल्ली नाही चिडत."

मग तिने विचारलं, "मी तिथं नाही म्हणून?"

चिडायला घरात आहे कोण? मी म्हटलं, "ते तू इथे आल्याशिवाय मलाही नाही कळायचं."

"मग मे महिन्यात येऊन बघते," ती म्हणाली.

मे महिन्याला अजून सहा आठवडे आहेत. तिची मला फार आठवण येते, आणि मला माझीच भीती वाटते.