एसटी थांब्यावरचं बुजगावणं

वडगाव रासाईच्या एसटी थांब्यावर एक बाई बुजगावणं होऊन उभी होती. कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगात पुरुषाचा निळ्या चौकडीचा सदरा, डोक्यावरून पालथं घातलेलं मडकं, त्यावर चुन्यानं काढलेल्या मिशा आणि दोन्ही हात पसरलेले. गळ्यात पाटी : ‘पोरींच्या अंगाला हात लावू नका.’

आमच्याकडं कुणी नवं उभं दिसलं की सत्कारच सुचतो. पुढाऱ्यांनी शाल आणली आणि तिच्या पसरलेल्या हातावर वाळत घातल्यासारखी टाकली. नारळ घ्यायला हात मोकळा नव्हता, म्हणून तो पायाशी ठेवला. फोटो झाला. बाई हलली नाही. कॉलेजच्या पोरी मात्र तिच्या हातांखाली गोळा होऊन गाडीची वाट बघत होत्या.

मी विचारलं, “ताई, हे बुजगावणं कशाला?”

मडक्यातून आवाज आला, “पाखरं बी बाप्याच्या सदऱ्याला भित्यात, दादा. त्यास्नी कुणी म्हनतं का, उगंच भिताय म्हनून?”

मी पोट धरून हसलो.

दौंडची गाडी आली. मी एका पोरीशेजारी बसलो. तिनं दप्तर आमच्या मध्ये ठेवलं. मला रागच आला. मग खाली बघितलं. माझाही सदरा निळ्या चौकडीचाच होता.