भुऱ्याच्या मागून जेवणारे श्रावणभाऊ

श्रावणभाऊ आधी कुत्र्याला भाकर घालत आणि त्याचं खाऊन होईपर्यंत स्वतःच्या ताटाला हात लावत नसत. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा सेक्टरमधल्या क्वार्टरात ते आमचे शेजारी होते, मध्ये फक्त कंबरभर उंचीची भिंत. मी नुकतीच लग्न होऊन आलेली. मला हसू आवरायचं नाही. ते मात्र गंभीरपणे सांगत, "वहिनी, आमी गोवारी. ढोरं हा राखते, आमी नुसते मांगं चालतो. मंग आधी कोन जेवन?"

तो कुत्रा, भुऱ्या, जेमतेम गुडघ्याएवढा, आखूड पायांचा. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावातही ही जात दोन-चार घरांतच उरली होती. भुंकणं जवळजवळ नाहीच. पांगलेल्या गुराची टाच हलकेच धरून त्याला कळपात आणायचं, एवढंच त्याला ठाऊक. भाऊ त्याच्या अंगाला करंजाचं तेल चोळत, बोटांमधले गोचीड काढत आणि म्हणत, "याले मारू नका, बांधू नका. बाकी काई मांगत नाही हा."

पण सेक्टरात गुरं कुठली? पाळीचा भोंगा झाला की रस्ताभर सायकली सुटत आणि भुऱ्या त्यांनाच वळायला धावे. एकदा त्याने एका फिटरची टाच धरली. माणूस धाडकन पडला, हात मोडला. लोक लाठ्या घेऊन दारात आले, "बांधा, नाहीतर मारून टाकू!" भाऊंनी त्याला खुंट्याला बांधलं.

भुऱ्याने अन्न सोडलं. दिवसभर खुंट्याभोवती गोल गोल फिरायचा. आणि आमचे भाऊ! तेही उपाशी, आणि कारखान्याच्या कामावर तसेच उंच गर्डरवर चढायचे. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी मी कडाडलेच, "भाऊ, कावून जिवावर उठून राहिले? वरून पडसान तं याले कोन पाहीन?"

ते मान खाली घालून म्हणाले, "घासच उतरत नाही, वहिनी."

पुढच्या सुटीला त्यांनी भुऱ्याला जवळच्या जामुल गावी नेलं आणि एका राऊताच्या, म्हणजे तिकडच्या गुराख्याच्या, हवाली केलं. संध्याकाळी मी भिंतीवरून ताट दिलं. ते नुसतेच ताटापुढे बसले.

"त्यानं खाल्लं असन का, वहिनी?"

"खाल्लं असन," मी म्हटलं. मला काय ठाऊक! पण त्यांनी घास उचलला.

मग ते रोजचंच झालं. भिंतीपलीकडून प्रश्न, इकडून माझं उत्तर, मग त्यांच्या ताटाचा आवाज.

काही वर्षांनी तो राऊत निरोप घेऊन आला. म्हातारा झालेला भुऱ्या गुरांमागे चालता चालता बसला, तो उठलाच नाही. त्या संध्याकाळी प्रश्न आला नाही. वाट पाहून मीच भिंतीपाशी गेले. भाऊ भाकरीपुढे बसून होते.

"भाऊ, खाऊन घ्या."

"आता कोनाच्या मांगून खाऊ, वहिनी?"