दुसरा आणि चौथा ऐतवार

नायगावच्या बसस्टँडामागं मलप्पाचं कपडे शिवायचं दुकान होतं. पोरींच्या फ्रॉकला त्याच्यासारख्या चुण्या घालणारा आमच्या भागात दुसरा नव्हता.

बायको शिवकांता अकरावी पास. लेक नीला चालायला लागली तेव्हा शिवकांतानं टायपिंगची परीक्षा दिली. पुढं लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा निघाला, नव्या कचेऱ्या उघडल्या आणि तिला तिथं नोकरी लागली.

"तुम्हीही चला," ती म्हणाली. "मशीन तिथंबी चालंल की."

मलप्पाची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. शिवाय बायकोच्या मागं गाव सोडायचं हे त्याला पचेना. आठ दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी रागाच्या भरात तो बोलून गेला, "जायचं तर जा. मग माघारी यायचं न्हाई."

ती खरंच गेली. चार वर्षांच्या नीलाला बोटाला धरून.

वर्षभरात आई वारली आणि घर त्याला खायला उठलं. तो दोनदा लातूरला जाऊन आला. दोन्ही वेळेस शिवकांताजवळ राहायला आलेल्या सासूनं, गुरम्मानं, त्याला दारातूनच परतवून लावलं. तेव्हा त्यानं लातूरच्या कोर्टात मुलीच्या ताब्याचा अर्ज टाकला. दोन एसट्या बदलून तारखेला जायचा, पुढची तारीख घेऊन यायचा. असं दीड वर्ष गेलं.

शेवटी जज्जसाहेबांनी त्याला समोर उभं केलं.

"मुलगी तुमच्याकडे दिली तर तिचं खाणंपिणं कोण बघेल?"

"मी बघीन साहेब. भाकरी येती मला."

"तिला काय आवडतं?"

"दुधात कुस्करलेली भाकर."

"ती चार वर्षांची असताना. आता सातची आहे. आता काय आवडतं?"

 ते मलप्पाला ठाऊक नव्हतं.

साहेबांनी नीलाला एकटीला आपल्या खोलीत बोलावलं. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली. आत काय बोलली ते कुणी सांगितलं नाही, मलप्पानंही कधी विचारलं नाही.

निकाल लागला. शाळा लातूरला, घरी आजी, पोर तिथं रुळलेली. तेव्हा नीला आईजवळ राहील. बापानं दुसऱ्या आणि चौथ्या ऐतवारी दहा ते पाच लातुरातच तिला भेटावं. उन्हाळ्याची अर्धी सुट्टी मात्र तिनं नायगावला काढावी.

शिवकांताचे वकील उठले. "साहेब, तिकडे दुष्काळ आहे. प्यायला पाणी नाही."

साहेबांनी मलप्पाकडं पाहिलं. "खरं आहे?"

"हाय साहेब. विहिरी आटल्यात. चौथ्या दिवशी टँकर येतो."

सुट्टीची गोष्ट पाऊसपाणी होईपर्यंत लांबणीवर पडली. बाहेर आल्यावर त्याचा वकील चिडला. "टँकरचं सांगायची काय गरज होती?"

"मग काय तिला तहानलेली ठेवू?" मलप्पा म्हणाला.

पहिल्या ऐतवारी तो नवा फ्रॉक घेऊन गेला. अंदाजानं शिवलेला. तो नीलाच्या खांद्यातून उतरेना. ती अवघडून म्हणाली, "राहू द्या, तुम्ही कशाला त्रास घेतला?" गावात असताना ती त्याला अरेतुरे करायची, दाढी ओढायची. परतीच्या एसटीत तो फ्रॉक त्यानं मांडीवरच ठेवला होता.

एका ऐतवारापासून दुसऱ्यापर्यंत दिवस सरेनात. गिऱ्हाईक माप सांगायचं आणि ह्याचं ध्यान भलतीकडंच. दिवाळी झाली तसं त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि मशीन एसटीच्या टपावर चढवलं. लातुरात गंजगोलाईच्या बाजाराजवळ एका कापडदुकानाच्या ओट्यावर जागा मिळाली. नीलाची शाळेची वाट तिथूनच जायची.

ती रोज मैत्रिणींसोबत पलीकडच्या कडेनं जायची. मलप्पा पायडल थांबवून बघायचा. पण हाक मारायचा नाही. कोर्टानं दोन ऐतवार दिलेत, बाकीचे दिवस आपले नाहीत, असं त्यानं मनाशी धरलं होतं. पोर वळणावर दिसेनाशी झाली की पुन्हा सुई ओवायला घ्यायचा.

महिन्याभरानं शिवकांता कचेरी सुटल्यावर ओट्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे काय चालवलंय?"

"शिवतोय."

"मी म्हणत होते तवा आला न्हाईत."

"चुकलं माझं."

तिनं ओट्यावरून खाली पडलेली चिंधी उचलून ढिगावर टाकली. मग म्हणाली, "घरी या, असं मी म्हणणार न्हाई."

"म्हणू नको."

"पण शाळा सुटल्यावर तुम्ही तिला हाक मारली, तर मी काही कोर्टात जाणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी नीला दिसली, पण त्याच्यानं हाक मारवेना. ती निघून गेली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं सारा जीव एकवटून हाक मारली, "नीला!" ती थबकली. मैत्रिणींना काहीतरी सांगून रस्ता ओलांडून आली आणि ओट्यावर बसली.

त्यानंतर ती रोज तासभर यायची. चिंध्यांच्या ढिगाला टेकून पाढे म्हणायची, शाळेतली भांडणं सांगायची. नवराबायको काही पुन्हा एक झाले नाहीत. मलप्पा खोलीवर एकटाच स्टोव्ह पेटवून खायचा. दिवेलागणीला गुरम्मा न्यायला आली, की नीला दप्तर उचलून म्हणायची, "येते अप्पा." तो म्हणायचा, "ये." आणि ती गेलेल्या वाटेकडं, गर्दीत ती दिसत नसली तरी, बघत राहायचा.