कासवाच्या तोंडावरचा हार

लहानपणी मला यंत्रमानवांच्या गोष्टींचं वेड होतं. शाळेच्या कपाटात जुन्या विज्ञानकथांची पुस्तकं होती, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि माझ्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नसे. त्यांतले यंत्रमानव दोन प्रकारचे. काही एक दिवस मालकाला ‘नाही’ म्हणायचे आणि तिथून गोष्ट पेटायची. काही माणसाची इतकी सेवा करायचे की माणसाला काडी उचलायचं काम उरायचं नाही आणि तो बसल्या जागी कुजायचा. मला पहिले आवडायचे. त्यांच्या जागी मी असते तर मीही असंच ठणकावलं असतं, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

पुढे पडघ्याजवळच्या एका गोदामात मी कामाला लागले आणि एक वेगळाच प्रकार पाहिला. तिथे यंत्रं फिरतात आणि माणसं उभी राहतात. गुडघ्याएवढंही उंच नसलेलं चपटं यंत्र सामानाचं अख्खं कपाट पाठीवर घेऊन आपल्यापुढे येतं. स्क्रीनवर खण दिसतो, त्यातली वस्तू काढायची, स्कॅन करायची, टोपलीत टाकायची, की ते कपाट जातं आणि दुसरं येतं. आम्ही त्या यंत्रांना कासव म्हणायचो. कासवाची बॅटरी उतरली की ते आपणहून चार्जिंगला जातं, कोणाला विचारत नाही. आम्हाला लघवीला जायचं तर हात वर करायचा आणि बदलीची वाट बघायची, तोवर काम मागे पडलं म्हणून स्क्रीन लाल.

माझ्या शेजारच्या जागेवर आमच्या आळीतली काकी असे. सख्खी नव्हे, पण घराला घर लागून. पन्नाशी उलटलेली, साखरेचा आजार, शिफ्ट संपेपर्यंत पाय भाकरीसारखे फुगायचे. ते गोदाम तिच्याच सासरच्या भातखाचरावर उभं आहे. जमीन विकायचं पुरुषांनी ठरवलं आणि तिला मागाहून कळवलं. मग बंगला झाला, त्यात तिला जिन्याखालची खोली मिळाली. कामावर जाऊ नको म्हणून मुलगे सारखे मागे लागायचे, लोक काय म्हणतील म्हणून. ती ऐकायची नाही.

“इथं मी कुनाची न्हाय, माजी हाय,” ती मला म्हणायची.

लाल स्क्रीनला घाबरणारी बाई असं म्हणते, याचं मला हसू यायचं. खरं सांगायचं तर रागही यायचा. जेवणाच्या सुट्टीत मी तिला माझ्या यंत्रमानवांच्या गोष्टी सांगायचे, जरा डोळे उघडावेत म्हणून. ती डबा खाता खाता नीट ऐकायची. एकदा ‘नाही’ म्हणणाऱ्याची गोष्ट संपल्यावर तिने विचारलं, त्याला घर होतं का? नव्हतं, मी म्हटलं. मग त्याला नाही म्हणायला काय जातंय, असं म्हणून ती हात धुवायला गेली. मी मनात म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता.

दसऱ्याला काकीने कासवाची पूजा करायचं काढलं. घरी तिने जन्मभर विळा, कोयता, नांगर पुजला होता. ज्याच्यावर पोट चालतं त्याला दसऱ्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे, हा तिचा हिशेब सरळ होता. सुपरवायझर हिंदी बोलणारा, पण भाविक. त्याने हौसेने परवानगी दिली आणि मोबाइल काढून उभा राहिला. काकीने तबक आणलं, झेंडूचा हार आणला, आपट्याची पानं आणली. कासव जमिनीलगत आणि काकीची कंबर धरलेली, म्हणून हार तिने माझ्या हातात दिला.

“तोंडाव घाल गो. पाठीची पूजा कोन करतं?”

कासवाच्या तोंडावर एक काळी चीर असते, ते तिथून बघतं. ती झाकायची नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. काकी विसरली असेल, मी विसरले नव्हते. मला वाटलं, फोटोपुरता राहू दे, मग काढू. मी काढायला वाकले तर तिने मला अडवलं. पूजेचा हार त्याच दिवशी उतरवायचा नसतो म्हणाली. सणाच्या दिवशी वाद कशाला, म्हणून मी सोडून दिलं.

काम सुरू झालं. ते कासव दहा-बारा पावलं गेलं आणि मधल्या वाटेवर थांबलं. त्याच्यामागे दुसरं थांबलं, मग तिसरं, मग सगळी रांग. आमच्या स्क्रीन कोऱ्या झाल्या. इंजिनियर येईपर्यंत अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास आम्ही बायका फरशीवर पाय पसरून बसलो. काकी कोणालाही न विचारता मोरीवर जाऊन आली. येताना हसत होती. मलाही फार सुख झालं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी आम्हाला कामावर लावणाऱ्या ठेकेदाराचा माणूस आला. आम्हाला ओळीने उभं केलं. सुपरवायझरच्या मोबाइलमधला फोटो त्याच्या हातात होता. फोटोत तबक घेतलेली काकी अख्खी होती आणि हार घालणारा एक हात होता, कोपरापर्यंत.

“हार किसने डाला?” त्याने विचारलं.

काकीने एकदा माझ्याकडे बघितलं. मला बोलायचं होतं ते तीन शब्दांचं वाक्य होतं. मी समोरच्या भिंतीवरचा आग विझवायचा लाल डबा बघत राहिले. मग काकी म्हणाली, पूजा माझी होती. त्याला तेवढं पुरलं. तिचं ओळखपत्र तिथेच काढून घेतलं.

नंतर कित्येक दिवस मी तिच्या दारावरून मान खाली घालून गेले. दिवाळी उलटल्यावर मनाचा हिय्या करून गेले. जिन्याखालच्या खोलीत ती नातवंडांचे कपडे घडी करत बसली होती. वर सुना हाका मारत होत्या, ती ‘आले’ म्हणत होती. मी रडत माफी मागितली. म्हटलं, मी घाबरले होते गं. तिने हातातली घडी पुरी केली.

“त्या कासवाला दिसला न्हाय म्हनून तो थांबला,” ती म्हणाली. “तुला तं सगला दिसत व्हता.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चहा टाकू का म्हणाली. मला त्या घरातला चहा नको होता. पण नाही म्हणायला मला तेव्हाही जमलं नाही.