तलावाचं दार आणि थंड खोली

सरकारी ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठतात: धूळ आणि किस्से. आमच्या सर्वर खोलीत धुळीला बंदी होती. चपला बाहेर, खिडक्या बंद, दाराला रबर. त्यामुळे सगळी जागा किश्शांना मिळाली. रिटायर झालो तेव्हा किल्ल्या जमा केल्या, कप्पा रिकामा करून दिला. किस्से मात्र कोणी जमा करून घेतले नाहीत. ते माझ्याबरोबर घरी आले. दुपारी जेवून आडवा झालो आणि पंख्याचा आवाज कानाला लागला, की त्यातला एखादा उठून बसतो.

आमचं ऑफिस गोंदियातलं, तलाव आणि कालव्यांचं. माझा पाण्याशी संबंध फायलींपुरता. एक दिवस साहेबांनी बोलावलं.

"तुम्ही पुस्तकं वाचता म्हणे?"

मी सावध झालो. "घरी वाचतो सर. ऑफिसात नाही."

"इंग्रजी?"

"कधीमधी."

"मग सर्वर तुमच्याकडे!"

कादंबऱ्या वाचण्याची शिक्षा इतकी थंडगार असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. अख्ख्या ऑफिसात नीट चालणारा एसी फक्त सर्वर खोलीत. मे महिन्यात गोंदियातलं डांबर मऊ झालं, की प्रत्येक विभागाला टेक्निकल शंका येऊ लागत. एक जण तर शंका डब्यासकट घेऊन आला. शेवटी आमचा शिपाई भोजराज दारात उभा राहून प्रत्येकाला विचारू लागला, "बाबूजी, काम है, या गर्मी है?"

* * *

मेश्राम मॅडम आमच्या इंजिनिअर. कंत्राटावर होत्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून समजावलं.

"काका, खालच्या गावातल्या शाखेत बिसेनभाऊ बसतात. ते कॉम्प्युटरवर पाणी सोडायचं बटन दाबतात. त्यांना वाटतं, काम त्यांच्याच टेबलावर झालं. खरं तर ती हाक इथं येते. आपला सर्वर ती ऐकतो, पाण्याची पाळी कोणाची ते बघतो, तलावाच्या दारावरच्या मोटरला हुकूम देतो, आणि काम झालं की बिसेनभाऊंना 'झालं' म्हणून कळवतो. याला रिमोट प्रोसिजर कॉल म्हणतात."

भोजराज चहाचा ट्रे घेऊन ऐकत होता.

"मतलब साहब जैसा," तो म्हणाला. "साहब घंटी बजाते हैं, और उनको लगता है चाय टेबल पर ही उगती है!"

मॅडमनी कप उचलला. "बरोबर. आणि काका, आपण दोघं आता चहा उगवणाऱ्या बाजूला बसलोय."

* * *

हा तलाव केशोरीच्या वाटेवर कुठेतरी आहे. नाव सांगत नाही. तलावांना बदनामी सोसत नाही. त्याच्या दारावर दसाराम नावाचा पाटकरी होता. पाटकरी म्हणजे कालव्यात पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. शाखेतून फोन गेला, की तो दाराचं लोखंडी चाक हातानं फिरवायचा. तलावाच्या पाळीवरच, म्हणजे बांधावरच, त्याची खोली, मागे वांग्याची चार झाडं, पुढे पाणीच पाणी. आता दाराला मोटर बसली होती. साहेबांनी जाहीर केलं होतं, की नागपूरच्या मोठ्या साहेबांसमोर चाचणी होईल. त्यात माणसाशिवाय दार उघडलं, की दसारामची बदली गोंदियाला. आवक-जावक टेबलाशेजारच्या स्टुलावर.

आपली जागा कोण घेणार, ते बघायला दसाराम एकदा ऑफिसात आला. खोलीत हात मागे बांधून बराच वेळ सर्वरची घरघर ऐकत राहिला.

"याले इतकी थंडी काऊन लावून ठेवली जी?"

"काम करताना तो तापतो, दसाराम."

"तापतो तं मी बी. मले तं कोनी साधा पंखा नाही देला!"

मग बाहेर येऊन त्यानं आपलं स्टूल पाहिलं. बसून पाहिलं. "इथून पानी कुठं दिसते?"

मी खिडकीशी नेलं. खाली पाण्याचा टँकर उभा होता.

दसारामनं टँकरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लोकं मेल्यावर सरगात जातेत, साहेब. मी जित्ता सरगातून बदलून राहिलो!"

* * *

पाणी सोडण्याआधी कालव्यातली माणसं-गुरं बाजूला व्हावीत म्हणून दाराजवळ एक भोंगा लावायचा होता. हुकूम पोचला, की आधी भोंगा, मग मोटर. तो लावायला मॅडमबरोबर मीही गेलो. फायलींत ज्याला मी इतकी वर्षं 'सदर जलाशय' म्हणत आलो होतो, तो एकदा तरी बघावा म्हणून.

पण त्या सकाळी तलाव नव्हताच. नुसतं पांढरं धुकं होतं, आणि त्याच्या आतून बदकं बोलत होती. जणू कोणाच्या तरी झोपेत आम्ही चपला घालून शिरलो होतो. दसारामही हळू बोलत होता.

मॅडमनी बिसेनला फोन केला, "दाबा बटन." बिसेनची शाखा पाळीवरून दिसते एवढ्या अंतरावर. पण त्याची हाक आधी गोंदियाला गेली. जंगलावरून, नवेगावच्या पाण्यावरून, रेल्वेच्या रुळांवरून माझ्या रिकाम्या खुर्चीपर्यंत. आणि तिथून वळून पुन्हा ह्या धुक्यात आली. भोंगा वाजला.

लगेच पलीकडच्या काठावरून टिटवी ओरडली. भोंगा पुन्हा वाजला. टिटवी पुन्हा ओरडली. मॅडमनी भोंगा बंद केला, तर ती आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली, विचारत राहिली, विचारत राहिली.

दसाराम वर बघून म्हणाला, "मॅडम, सांगा तिले. हा सरकारी हाय. उत्तर नाही देनार!"

* * *

आमच्या सर्वरला सुरुवातीला एक खोड होती: आज्ञाधारकपणा. ऑफिसात आम्हा कोणाला ती नसल्यामुळे तिचा धोका लक्षात आला नाही.

बटन दाबलं, की सर्वर दार एक फूट उघडायचा. एका दुपारी बिसेननं बटन दाबलं. दार उघडलं, पण नेटवर्क मंद, त्यामुळे 'झालं' हे उत्तर वाटेत रेंगाळलं. बिसेननं पुन्हा दाबलं. सर्वरनं आणखी एक फूट उघडलं. बिसेननं चहा घेतला आणि पुन्हा दाबलं.

गोंदियात फोन वाजला. दसाराम होता. मागे पाण्याचा धबधबा ऐकू येत होता.

"साहेब, तुमचा सर्वर पानी सोडून राहिला, का तलावच सोडून राहिला जी?"

दसारामनं मोटर बंद करून चाकानं दार खाली आणलं. मॅडमनी बिसेनला फोनवर झापलं, "भाऊ, एकाच कामाला इतक्यांदा बटन कायले दाबता?"

बिसेन म्हणाला, "मॅडम, कडी एकदा वाजवून कोन दार उघडते?"

मॅडमनी त्या दिवशी हुकूमच बदलला. 'एक फूट उघड' नाही; 'दार दोन फूट उघडं असू दे.' दाराला मोजपट्टी लावली. सर्वरनं आधी पट्टीला विचारायचं, दार किती उघडं आहे. दोन फूट दिसलं, की 'झालं' कळवायचं. मग हाक एकदा येवो की दहादा.

मला हे चटकन कळलं. बायको 'दूध आणा' म्हणाली आणि विसरून पुन्हा म्हणाली, तर घरात दोनदा दूध येतं. पण 'घरात दूध असू द्या' म्हणाली, तर मी फ्रिज उघडून बघतो आणि पुन्हा पेपर वाचायला बसतो. घरी हा बदल सुचवून पाहिला.

"आधी फ्रिजपर्यंत उठा तरी!" ती म्हणाली.

* * *

रोवणीच्या, म्हणजे भात लावणीच्या, दिवसांत सगळ्या शाखांच्या हाका एकदम येऊ लागल्या. सर्वर एका वेळी थोड्यांचंच काम घ्यायचा; बाकीच्या हाका रांगेत. साहेबांकडे तक्रार गेली, सर्वर ऐकत नाही. 'ऐकत नाही' या तक्रारीवर साहेबांना एकच उपाय माहीत होता.

"कारणे दाखवा नोटीस काढा!"

"कोणाच्या नावे सर?"

"ज्याच्यामुळे उशीर होतो त्याच्या!"

मी शिस्तीचा माणूस. नोटीस टाईप केली, जावक नंबर टाकला, आणि चिकटपट्टीनं सर्वरच्या कपाटावर डकवली. सायंकाळपर्यंत तिच्याखाली मॅडमच्या अक्षरात खुलासा आला होता: 'मी एका वेळी जमेल तेवढ्यांचंच ऐकतो. बाकीचे बाहेर बाकावर बसतात. ही पद्धत मी साहेबांच्या केबिनवरून शिकलो.'

साहेबांनी खुलासा वाचला आणि शेरा मारला, 'समाधानकारक.'

* * *

एकदा बिसेननं बटन दाबलं आणि कॉम्प्युटर बंद करून लग्नाला निघून गेला. सर्वरनं काम केलं, दार उघडलं, उत्तर तयार ठेवलं. पण घ्यायला पलीकडे कोणीच नाही.

"मग त्या उत्तराचं काय होतं?" मी मॅडमना विचारलं.

"काही नाही काका. थोडा वेळ वाट बघतं. मग पुसलं जातं."

त्या दुपारी मी शाल पांघरून खुर्चीत बसलो होतो. घरघर चालू होती. हळूहळू ती पाण्याची झाली. बघतो तर नवेगाव बांधच्या तलावावर उत्तरं उतरत होती, हिवाळ्यातल्या पाखरांसारखी, दुरून उडून थकलेली. प्रत्येकाच्या पायात एकच शब्द बांधलेला: 'झालं'. ज्यानं विचारलं तो काठावर कुठेच नव्हता. एक उत्तर चालत चालत माझ्या चपलेपाशी आलं. तरुणपणी मी बदलीसाठी अर्ज केला होता, त्याचं ते होतं. 'मंजूर,' ते म्हणालं. मला त्या गावाचं नावही आठवेना.

"बाबूजी! बाबूजी!" भोजराज खांदा हलवत होता. "सर्वर सो गया क्या?"

"नाही. तो जागा आहे."

"और आप?"

"एका खोलीत एकानंच जागायचं असतं, भोजराज."

* * *

चाचणीचा दिवस उजाडला. नागपूरचे मोठे साहेब सकाळीच आले. त्यांना थंड खोली आवडली. आमच्या साहेबांच्या हातातल्या फोल्डरमध्ये दसारामच्या बदलीचा आदेश तयार होता, फक्त सही बाकी. आदल्या दिवशी दसारामनं फोनवर मला एवढंच विचारलं होतं, की वांग्याची झाडं कुंडीत जगतात का. मी म्हणालो होतो, विचारून सांगतो.

ठरल्या वेळी बिसेननं बटन दाबलं. पडद्यावर हाक आली. सर्वरनं पाळी तपासली. हुकूम गेला. भोंगा वाजल्याची खूण आली. आता दार.

दार बंदच.

सर्वर पट्टीला विचारत होता, किती उघडं? पट्टी सांगत होती, बंद. पुन्हा विचारलं. बंद. मॅडमनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं. ठरलेला वेळ संपला, की सर्वर 'जमलं नाही' असं कळवून मोकळा होणार होता.  माझ्या मनात विचार आला, की न जमलं तर काय बिघडलं! आणि मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून तो मी मनातच ठेवला.

मग पट्टी म्हणाली, बोटभर.

थोड्या वेळानं, वीतभर.

"आज हळू का?" आमचे साहेब कुजबुजले.

"पाण्याचा दाब असेल सर," मॅडम म्हणाल्या.

आकडा चढत होता. थांबायचा, दम घेतल्यासारखा, पुन्हा चढायचा. वेळ संपत आली असताना पट्टीनं दोन फूट दाखवले, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: 'झालं.'

नागपूरच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. भोजराजनं पेढे उघडले. आमच्या साहेबांनी फोल्डर टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर लावला.

दसाराम होता. धापा टाकत होता.

"पानी सोडलं जी. दोन फूट. पन ते मोटर काल जळली, शाखेतून मेकॅनिक येऊन नागपूरले घेऊन गेला. बिसेनभाऊनं सांगतलं नाही का?"

साहेबांनी टोपण परत लावलं. "मोटर आली की बघू," ते म्हणाले, आणि फोल्डर काखेत घेतला. ती मोटर मी रिटायर झालो तरी आली नव्हती, आजही आलेली नाही.

नागपूरचे साहेब पेढा हातात धरून फोनवर वाकले. "एक मिनिट. पण मग दार उघडलं कोणी? आणि कायले?"

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता.

"भोंगा वाजला ना जी!" दसाराम म्हणाला.