टीव्हीतल्या बियाण्याची उगवण

मुलीचा फोन आला तेव्हा मी दुकानात माश्या मारत बसलो होतो. उन्हाळा तोंडावर आला की बियाण्याच्या धंद्यात दुसरं काम नसतं. डोणगावात माझं बी-बियाणे आणि खतांचं दुकान आहे, आणि एकुलती एक मुलगी पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. लोकांना मी "कॉम्प्युटरमधी हाये" एवढंच सांगतो. आमच्याकडे तेवढ्यावर भागतं, पुढचं कोणी विचारत नाही.

"बाबा, आमचा गेम रिलीज होऊन राह्यला," ती म्हणाली.

"कुठी लागणार?" मी विचारलं. सिनेमा थेटरात लागतो, तसं हेही कुठेतरी लागत असेल, असा माझा समज.

"लागत नाही हो बाबा. पीसीवर हाये, एका कन्सोलवर हाये. दुसऱ्या कन्सोलवर दिवाळीनंतर येईन. मोबाईलवरचं काई नक्की नाही."

मला यातलं 'दिवाळी' तेवढं कळलं.

मग तिने खरी गोष्ट काढली. बँकांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं होतं. पक्की नोकरी, ठरलेली वेळ. येत्या रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. "मले समजूनच नाही राह्यलं जाऊ का राहू," ती म्हणाली. "या गेममधली शेती सगळी म्या केली हाये. तुमी खेळून पाहा आन खरं काय ते सांगा. तुमी बियाण्याले कधी खोटं चांगलं म्हणत नाही, मलेबी म्हणू नका."

हे ती का म्हणाली ते सांगायला हवं. कंपनीचा माणूस कितीही गोड बोलो, नवीन वाण आलं की मी त्याची उगवण पाहिल्याशिवाय विकत नाही. गोणपाट भिजवायचं, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून दोन्ही टोकं सुतळीने बांधायची आणि सावलीत ठेवून द्यायची. काही दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर पास, नाहीतर माल परत. मोजल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. यापायी कंपन्यांचे लोक मला खवट म्हणतात, आणि मी आहेच.

तर मी गेम पास-नापास करायला बसलो. म्हटलं आधी बाजार समजून घेऊ. मोबाईलवर 'या महिन्याचे नवे गेम' असा एक व्हिडिओ सापडला. त्यातला गडी असा बोलत होता की जणू मागे कुत्रं लागलंय. हा शूटर, हा रेसिंग, हा कोड्यांचा, हा भुतांचा, हा एकट्याने खेळायचा, हा चार मित्रांनी. हा या मशीनवर चालेल, त्या मशीनवर चालणार नाही. यावर मात्र मी जरा सावरलो. वाण भारी जमिनीचं की हलक्या बरडाचं, असंच काहीतरी हे असणार. पण मग त्याने सांगितलं की अमुक गेम सगळ्याच मशीनवर येतोय, पण एका मशीनवर जरा खराब दिसेल. माझी जमिनीची उपमा तिथेच फसली.

मुलीचा गेम अगदी शेवटी आला. दीड वाक्यात. त्याला तो 'कोझी' म्हणाला. मी मुलीला फोन करून अर्थ विचारला तर म्हणे, आरामाचे, निवांत खेळायचे गेम असतात त्यांना तसं म्हणतात. शेतीचे गेम त्यातच येतात. ज्याने शेतीला आरामाच्या रांगेत बसवलं, त्याला एकदा हातात विळा देऊन सोयाबीन सोंगायला आणायला पाहिजे.

तिने तिचं स्वतःचं कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, कुरिअरने पाठवलं. बायकोने खोकं उघडलं, मशीन पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. घरात नवीन काही आलं की हे व्हायचंच, त्याला मी आडवा येत नाही. मात्र मशीनच्या जाळीत कुंकू गेलं आणि ते मी पुढे तीन दिवस फुंकून काढत होतो.

गेम त्या डब्यात नव्हताच. तो इंटरनेटवरून उतरवायचा होता. आमच्याकडचं नेट म्हणजे लहर आली तर चालणार. किती उतरलं ते दाखवणारी रेघ दिवसभर मुंगीच्या पावलाने सरकली आणि संध्याकाळी भरली, तर पडद्यावर आलं की आता अपडेट घ्या. मी मुलीला विचारलं, "काल निघाला न तुमचा गेम? मंग आजच दुरुस्ती काऊन?" ती म्हणाली की असंच असतं, निघताना काही राहून जातं. बियाण्याची पिशवी फोडल्यावर आत चिठ्ठी निघाली की अर्धे दाणे मागून येतील, तर गिऱ्हाईक मला दुकानाबाहेर ओढेल. पण माझी मुलगी आहे म्हटल्यावर मी अपडेट घेतला.

तर एकदाचा गेम सुरू झाला. टीव्हीत एक घर, घरापुढे शेत, शेतात मी. मी म्हणजे एक लुंगीवाला माणूस. हातातल्या कंट्रोलरला दोन दांड्या. एकीने माणूस चालतो, दुसरीने त्याची मान फिरते. माझा माणूस पहिला तासभर आभाळाकडे पाहत बाभळीला धडका देत होता. बायको मागून म्हणाली, "त्याले चक्कर आली काय?" मी तिला चहा करायला पाठवलं.

शेवटी जमलं. शेतावर ढग आले, चार शिंतोडे पडले, माती काळी झाली. कोपऱ्यात सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी होती. मी बटण दाबत गेलो आणि अख्खं शेत पेरून टाकलं. मग हात धुऊन खाटेवर बसलो आणि उगवायची वाट पाहू लागलो. सोयाबीन काही लगेच उगवत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. मशीन चालू ठेवून जेवलो, झोपलो. सकाळी उठून पाहतो तर टीव्हीत अजून पेरणीचीच संध्याकाळ. माझा माणूस रात्रभर शेताच्या कडेला धुऱ्यावर ताठ उभा.

दुपारी मी दुकानात असताना बायकोने सहज दांड्या फिरवल्या. त्या माणसाला घरात नेऊन खाटेवर निजवलं, तर टीव्हीत सकाळ झाली. मला ती म्हणाली, "त्याले झोपवल्याबिगर दिवस जात नाही. माणूस हाये न तो."

मग मी त्याला बसल्या बैठकीत झोपवत-उठवत गेलो. पाच सकाळी झाल्या, आठ झाल्या. शेत होतं तसं. एक कोंब नाही. मी रांगेने फिरून पाहिलं. ही कसली शेती? पेरलं, पाणी पडलं, दिवस गेले आणि शून्य?

शनिवारी रात्री मी तिला फोन केला. खरं सांग म्हणाली होती, म्हणून खरं सांगितलं. "तुह्या शेतात बियाणं उगवत नाही. म्या पाहिलं. नापास हाये."

ती हळू म्हणाली, "हाव बाबा. सगळे लोक तेच लिहून राह्यले. उगवतच नाही, गेम बिघडेल हाये म्हणून. आमचे साहेबबी म्हणतात, पुढच्या अपडेटमधी पेरलं का उगवलं असं करून टाका." मग म्हणाली, "बरं झालं तुमी सांगितलं. मी उद्या त्या बँकेवाल्याईले हो म्हणते."

फोन ठेवला. मला वाटलं होतं की खरं बोललो म्हणजे बरं वाटेल, इतर वेळी वाटतं तसं. पण तसं काही झालं नाही. ती रडली असती तर समजलं असतं. "बरं झालं" काय? आणि लोकांनी जे लिहिलं तेच मी सांगायचं होतं, तर माझ्यासाठी एवढं मशीन कशाला पाठवलं? मला काही म्हणता काही उमजेना. अंथरुणावर पडून मी नुसता कूस बदलत राहिलो.

सकाळी पुन्हा टीव्ही लावला. करायचं काहीच नव्हतं, नुसता त्या घरात माणूस फिरवत होतो. बायको भाजी निवडत बसली होती. एकदम म्हणाली, "थांबा. ते दरवाज्यापाशी काय हाये?"

"पोतं हाये. अडगळ."

"अडगळ कायची? ते तुमच्यावानी गुंडाळेल हाये. सुतळी पाहा न."

मी दांडी फिरवून माणसाला जवळ नेलं. दाराच्या चौकटीला टेकून गोणपाटाची गुंडाळी उभी होती. दोन्ही टोकांना सुतळी, आणि वरच्या टोकाला सुतळीचा एक फास मोकळा सोडलेला. तो फास मी सोडतो. गुंडाळी खिळ्याला अडकवता यावी म्हणून. दुसरा कोणी असा सोडताना मी पाहिलेला नाही.

लहान असताना ही मुलगी शाळा सुटली की दुकानात येऊन पोत्यांवर बसायची. पुस्तकात तोंड खुपसलेलं असायचं. मला कायम वाटलं की तिचं दुकानात लक्ष नाही. कधी गोणपाट उलगडलं की मी तिला हाक मारायचो, आणि ती पुस्तक न मिटता येऊन माझ्याबरोबर कोंब मोजायची, बस, एवढंच.

बटण दाबलं तर गुंडाळी सुटली. माणसाने हौदावर ती भिजवली. मी पिशवीतले उरलेले दाणे मांडले, दहा-दहाच्या ओळी आपोआप पडत गेल्या. गुंडाळी बांधली, सावलीत ठेवली, माणसाला झोपवलं. उठवलं, झोपवलं. बायको भाजी विसरून शेजारी येऊन बसली होती. मग एका सकाळी मी ते उलगडलं.

पांढरे कोंब. ओळीच्या ओळी.

म्हणजे बियाणं चोख होतं. मग शेतात का नाही? मी माणसाला शेतात नेलं, खुरपं उचलून माती उकरली. वर बोटभर ओल आणि खाली कोरडी फक्की. चार शिंतोड्यांवर पेरलं होतं मी! जी गोष्ट दर मृगात मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून ओरडून सांगतो, की घाई करू नका, ओल खोल जाऊ द्या, मग पेरा, ती मीच केली नव्हती. टीव्हीत ढग दिसले आणि मी सुटलो. मला हसू आलं, आणि लगेच हसू येईनासं झालं. तिचं शेत बिघडलेलं नव्हतं. तिने ते खरं केलं होतं, आणि तिला नापास करणाऱ्यांत मी होतो.

रविवारची दुपार झाली होती. मी फोन लावला.

"पाठवलं काय तू हो म्हणून?"

"लिहून ठेवलं हाये. पाठवतेच आता."

"पाठवू नको. तुहं बियाणं पास हाये. म्या कोरड्यात पेरलं. मले गोणपाट दिसलं नाही, तुह्या मायले दिसलं."

मग ती म्हणाली, "किती उगवले?"

मी टीव्हीकडे पाहिलं. कोंब तसेच पडले होते. "मोजले नाही अजून," मी म्हणालो. "पह्यले तुले फोन केला."

"बाबा, न मोजताच पास?" ती म्हणाली. "तुमी?"

"मंग मोजतो न आता. फोन चालू ठेव."

मी पडद्याजवळ खुर्ची ओढली आणि बोट लावून मोजायला लागलो. एक, दोन, तीन. चौथ्या ओळीपासून तीही पलीकडून मोजू लागली, तिच्यासमोर पडदा नसताना. कोणता दाणा उगवला नाही हे तिला कसं कळत होतं, ते तिलाच ठाऊक. कुठे मी अडखळलो की ती पुढचा आकडा सांगायची. शेवटच्या ओळीत तिचा आवाज येईनासा झाला. ती रडत होती की हसत होती, फोनवर कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

ती त्याच गेमच्या कंपनीत आहे. त्या अपडेटवरून साहेबांशी किती भांडली ते मला सांगत नाही, पण अपडेट आला तेव्हा मी आधी टीव्हीतल्या त्या दाराकडे गेलो. गुंडाळी जागेवर होती. आता म्हणे ती कोड्यांच्या एका गेमवर काम करते आहे, तो आधी मोबाईलवर येणार आणि कन्सोलवर मागून. काऊन ते मी विचारलं, तिने समजावून सांगितलं, आणि मला काही समजलं नाही. त्या रविवारचा आकडाही मला आठवत नाही. दुकानातल्या प्रत्येक वाणाचा आठवतो, तेवढा एकच लक्षात राहिला नाही.